गरम तार

(एकसष्ट सालचा मे महिना. अमरावतीत पुंजाजी मिस्त्रीच्या अंगणात, कडुनिंबाखाली, आत्ताच येऊन थांबलेली जुनी मोटार.)

पुंजाजी : पंखा बंद पडला म्हनता. मंग राजापेठेत मिस्त्र्याईची कमी हाय का?

चंद्रभान : त्याईले कोन विचारते, पुंजाजी भाऊ? भातकुलीहून निंघालो तं थेट तुमच्याच दारात. उद्या अकोल्याहून जमुनेले अन् लेकीले आनाचं हाय. बावीस दिवसाचं लेकरू! एवढ्या उन्हात मागच्या सीटवरचा पंखा नाही फिरला तं कसं होईन?

चतुराबाई : लेक झाली अन् हात हालवत आले, भाऊजी? पेढे कुठं हायेत?

चंद्रभान : आनतो, वैनी. आठ वर्षांनी लेकरू झालं आमाले. अजून तोंड नाही पाह्यलं मी तिचं.

पुंजाजी : थे ठीक हाय. पन मले दिसत नाही, चंद्रभानजी. बॅटरी तोंडावर फुटली, दोन्ही डोळे गेले, हे गावाले माहीत हाय. सहा महिने झाले, या अंगनात कोनाची सायकलही आली नाही.

चंद्रभान : डोळे गेले. कारागिरी थोडी गेली?

पुंजाजी : गेली का राहिली, मलेच माहीत नाही.

चतुराबाई : मी हावो ना डोळ्याले. बोला, काय पाहू?

पुंजाजी : बस मागं. पंख्याच्या बुडाशी तार असन. लागून हाय का सुटली?

चतुराबाई : सुटली जी. लोंबून राहिली.

पुंजाजी : दे इकडं. हं... चंद्रभानजी, ही सुटली नाही. कोनं तरी सोडली. तुटलेल्या तारेचं टोक इसकटलेलं असते. हे कसं सरळ हाय पाहा.

चंद्रभान : धक्क्यानं सुटली असन. रस्ता लय खराब हाय, बाप्पा.

पुंजाजी : पेच खोलाले रस्त्याच्या हाती पेचकस नसते.

चतुराबाई : अगं माय! भाऊजी, तुमी?

चंद्रभान : मीच, वैनी. आज सकाळी सोडली.

पुंजाजी : काहून?

चंद्रभान : मागच्या बाजाराले आलो तं तुमी बाजीवर बसून होते, भिंतीकडं तोंड करून. हाक मारली तं वळले नाही. मनाले लागलं, भाऊ. म्हटलं, सोपं काम घेऊन जाव. मिस्त्री चाचपून तार लावन, त्याले जरा उभारी येईन.

पुंजाजी : म्हनजे लेकराले चाबीचं खेळनं देतात, तसं मले दिलं. दयेवर जगाचं असतं तं छप्पन साली दीक्षा घ्याले नागपूरले कायले गेलो असतो? न्या तुमची गाडी.

चतुराबाई : दारात आलेल्याले असं बोलता जी?

पुंजाजी : तू चूप राह्य. तार चटईखाली खोसून देतो अन् जाऊ द्या त्याईले... थांब. चतुरा, ही तार इथं पाह्य. गरम हाय का?

चतुराबाई : तुमच्या हाताजवळ थंड हाय. पुढं... अई! चटका बसते.

चंद्रभान : उन्हानं तापली असन, भाऊ.

पुंजाजी : ऊन काय अर्धी तार तापवते अन् अर्धी सोडते? पंख्याचं बटन चालू हाय का?

चंद्रभान : हो. सकाळी तसंच राह्यलं.

पुंजाजी : पंखा जोडलाच नाही, तं बिजली चालली कुठं? चतुरा, समोर बिजली मोजाचा घड्याळावानी काटा हाय. चंद्रभानजी, चाबी राहू द्या, नुसतं बटन बंद करा.

चतुराबाई : काटा मधात आला.

पुंजाजी : आता चालू.

चतुराबाई : डावीकडं गेला! पार कोपऱ्यात गेला जी!

पुंजाजी : बंद करा. बॅटरीची तार काढा पहिले, मंग बोलू. फ्यूज उडत नाही का तुमचा?

चंद्रभान : उडे ना! पंधरा दिवसांपासून घडीघडी उडे. मंग मीच तिथं जाड तांब्याची तार पिळून बसवली. तवापासून कटकट नाही.

पुंजाजी : कटकट नाही! थो बिचारा बोंबलून सांगत होता, तुमी त्याचं तोंड बांधलं. चतुरा, समोरच्या सीटच्या पायापाशी हात घाल. तिथंच तापलं हाय.

चतुराबाई : सीटचं लोखंड तारेवर बसलं जी. वरचं रबर सोललं, तांबं उघडं पडलं. अन् खालची चटई... काळी झाली. कोळसाच झाला तिचा.

पुंजाजी : तिच्याच खालून पेट्रोलची नळी जाते.

चंद्रभान : ...उद्या दुपारी जमुना मागं बसली असती. लेकरू मांडीवर. अन् मी समोर, मजेत गाडी हाकत.

पुंजाजी : चतुरा, पानी दे त्याईले. बसा खाली, चंद्रभानजी. काही झालं नाही. आज सापडलं.

चंद्रभान : मी तुमच्यावर उपकार कराले आलो होतो, भाऊ. माझ्या जिवाले लाज वाटून राहिली. तुमी माझं घर राखलं.

पुंजाजी : तिनं राखलं. माझी बोटं, तिचे डोळे. चतुरा, सायकलची जुनी ट्यूब आन, अन् पेटीतून नवी तार. लोखंडापासून हातभर दुरून नेऊ. अन् फ्यूज बारीकच टाकाचा.

चतुराबाई : आनली. तुमी सांगा, मी गुंडाळून राहिली... हे घ्या. झालं?

पुंजाजी : बॅटरी जोडा. बटन दाबा. काटा?

चतुराबाई : जरासाच हालला. अन् पंखा फिरला जी! पाहा, माझा पदर उडून राहिला.

पुंजाजी : आवाज येते मले. साफ हाय.

चतुराबाई : अन् तुमी हासून राहिले. दिवाळीनंतर आज पहिल्यांदा.

पुंजाजी : चंद्रभानजी, लबाडी केली तुमी, त्याचा राग हाय मले. राहीन दोन-चार दिवस. पन तुमी आले. मी संपलो असं समजून बसलो होतो, तवा तुमीच आले. हे जन्मात नाही भुलनार मी.

चंद्रभान : आता खरं काम असलं तरच येईन, भाऊ. बोला, उद्या काय आनू तुमाले अकोल्याहून?

पुंजाजी : काही नोको. येताना गाडी इथं थांबवा. लेकराले घडीभर माझ्या हातात द्या. पाहाचं हाय मले.