सगळ्यात कमी दर

केस आम्ही जिंकलो होतो, हे आधी नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ऐकता ऐकता तुम्ही विसराल, मीसुद्धा विसरतो, आणि त्या ऑफिसात तर ते कुणाला आठवतच नाही... तर तुम्हाला सांगतो, नव्व्याण्णव साल, मंगळवार, नळाला पाणी नाही, मी मेथी निवडत बसलेलो, आणि माझी बायको शुभांगी टेबलावर कापड पसरून कॉलर कापत होती, तेवढ्यात शेजारच्या मंजुषावहिनींनी गॅलरीतून हाक मारली, "अहो सर, तुमच्या वकिलांचा फोन, मुंबईहून, लवकर या, माझं दूध गॅसवर आहे." मी धावलो. हातातल्या जुडीसकट धावलो. वकील म्हणाले, "सर, जिंकलो. ठेका रद्द, शिवाय तुमचा योग्य तो खर्च त्या ऑफिसाने द्यायचा." परत येऊन मी बायकोला सांगितलं, तर तिने काय विचारावं? पेढे आणा? वकिलांना जेवायला बोलवा? छे. कात्री न थांबवता म्हणाली, "योग्य तो म्हणजे किती, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. आजतागायत तेच विचारत फिरतोय.

केस कसली, ते सांगायचं राहिलं. नाशिकजवळच्या हरसूल गावातल्या बायकांचा शिवणाचा एक गट शुभांगीने उभा केला होता. सरकारी वसतिगृहातल्या मुलांचे गणवेश शिवायचा ठेका त्या ऑफिसातून निघाला, या बायकांनी दर भरला, तर त्यांचं पाकीट 'अपूर्ण' म्हणून उघडलंच नाही आणि ठेका गेला एका व्यापाऱ्याला. गेला तर गेला, मी म्हणालो. पण ही नमुन्याचे शर्ट बघायला ऑफिसात गेली. तीन दुकानांची तीन कोटेशनं, तीन दुकानांचे तीन शर्ट, आणि तिन्ही शर्टांचा खिसा उजवीकडे. ही साहेबांना म्हणाली, "एक शिंपी चुकेल हो, तीन कसे चुकतील? ही तिन्ही दुकानं एकाच माणसाची आहेत." साहेब म्हणाले, "बाई, खिसा खिसाच असतो." झालं. हे वाक्य ते बोलले नसते तर मी आज तुमच्यासमोर उभा नसतो, घरी मेथी निवडत असतो.

तिथून उठली ती हायकोर्टात गेली. वकिलाची फी, मुंबईच्या चकरा, सगळं त्या हरसूलच्या बायकांनी आपल्या मजुरीतून दिलं, कारण हिने त्यांना शब्द दिला होता, "जिंकलो की तुमचा पै न् पै सरकारकडून काढून देईन." आणि केस आम्ही जिंकलो. आता ठेका रद्द म्हणजे काय रद्द करणार? मुलांनी शर्ट घालून, फाडून, त्यांची सायकल पुसायची फडकी झालेली. उरला तो खर्च.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शुभांगी गेली. ते मी लांबवत नाही. आजारी होती, गेली. मशीनवर एक बाही अर्धी राहिली होती, ती तशीच आहे.

मग खर्चाचं माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर, मला वर्गातसुद्धा फार मोठ्याने बोलता येत नाही. ऑफिसातले मोतीराम म्हणून कारकून, माणूस सज्जन, अगदी सज्जन, "बसा सर, चहा घेणार? तुमचं काम होणार. हायकोर्टाचा हुकूम, कोण अडवणार? फक्त 'योग्य' म्हणजे किती, हे आम्ही कसं ठरवायचं? तीन कोटेशनं लागतील."

"कशाची?"

"वकिलाची."

"अहो, केस होऊन गेली."

"म्हणूनच सोपं आहे ना. तुमच्या वकिलाचं एक आहेच. आणखी दोघांकडून लिहून आणा की हीच केस त्यांनी केवढ्याला लढवली असती. सगळ्यात कमी दर मंजूर." मग जरा पुढे वाकले, आवाज बारीक करून म्हणाले, "तुमच्याच वकिलाला सांगा की, तोच आणून देईल दोन, जास्त दराची. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात, म्हणून तर आम्ही कोर्टात गेलो होतो... आणि केस जिंकलो होतो, नाही का?

मी काय केलं, सरळ हरसूलची एसटी पकडली. त्या गटातली सगळ्यात जुनी नवसाबाई, तिच्यापुढे पैसे ठेवले. तिने हात लावला नाही. म्हणाली, "मास्तर, हे कुणाचं?"

"माझ्या पगारातले."

"मंग ठिवा खिशात. ताई बोलली व्हती, सरकारकडून काढीन. तुमचं घेतलं तर ताई हरली नाय का?"

"मग दोन खोटी कोटेशनं आणू?"

"आना की. आन् इथून फुडं आमी समद्या शर्टांना खिसं उजवीकडंच लावतो."

बसस्टँडवर येऊन बसलो. खोटं आणायचं नाही, स्वतःचं द्यायचं नाही, मग एकच राहिलं, दोन वकिलांना खरं विचारायचं. नाशिकरोडच्या वाल्मीक वकिलांनी खरं सांगितलं, आमच्या वकिलाच्या दुप्पट लिहून दिलं. मला इतका आनंद झाला, म्हटलं, खरेपणानेही कामं होतात की. दुसऱ्यासाठी गेलो नाशकातल्याच द्वारका चौकात, नौशाद वकिलांकडे. मी विचारलं, "नौशादभाई, शुभांगीची केस तुम्ही लढवली असती तर फी किती घेतली असती? अगदी खरं लिहा." तर ते म्हणाले, "सर, माझ्या या काळ्या कोटाचं अस्तर ताईंनी किती वेळा बदललं असेल? माझ्या मुलीचे, रिदाचे, शाळेचे फ्रॉक कुणी शिवले? एक रुपया घेतला कधी? आणि मी त्यांच्याकडून फी घेतली असती? तुम्ही मला असं समजता?" रागावले हो, खरंच रागावले. लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, फी शून्य रुपये. खाली सही, शिक्का, आणि वर डोळे पुसले.

मी काय म्हणू? नौशादभाई, तेवढं जरा खोटं लिहा म्हणू?

मोतीरामांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "सर, हे काय आणलंत?"

"खरं आणलं."

"अहो, शून्य सगळ्यात कमी झालं."

"हो."

"मग शून्यच मंजूर होईल. घेऊन जा सर, मी पाहिलंच नाही समजा, दुसरं आणा एखादं." स्वतःच्या पैशाने चहा मागवला त्यांनी माझ्यासाठी. आणि मी, ज्याने जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तो मी म्हणालो, "लावा फाइलला." का म्हणालो, मला विचारू नका. शुभांगीने मात्र विचारलं असतं.

मंजूर झालं. कोर्टाचा मान राखून शून्य रुपये मंजूर. आता फक्त एक पावती, 'योग्य तो खर्च भरून पावलो, यापुढे माझी काही मागणी नाही', खाली रेव्हेन्यू तिकीट लावून माझी सही. तिकीट म्हणे मी आणायचं. सही झाली की फाइल बंद.

आता माझ्याकडे मोबाइल आलाय, मोतीरामांकडेही आलाय, महिन्या दोन महिन्यांनी फोन येतो, "सर, तेवढं सहीचं..." मी म्हणतो, येतो. हरसूलहून नवसाबाई कुणाच्या तरी फोनवरून विचारते, "मास्तर, आलं का सरकारचं?" मी म्हणतो, प्रकरण चालू आहे. आणि ते खोटं नाही, बरं का. केस आम्ही जिंकलोय. तिकीटसुद्धा आणून ठेवलंय.

सही तेवढी राहिली आहे.