किशोरीची भुवई

प्रभाकर मास्तर : दिनानाथ, स्क्रू फिरवून इंजिनात जाणारं पेट्रोल अजून थोडं कमी करा. गाडी लिटरला अकराच्या वर जातच नाही.

दिनानाथ : कमीच करतोय, मास्तर. बळीरामची गाडी मी अशी लावलेली, की पळस्प्यावरून निघाली तवा टाकीत दोन लिटर होतं, आपट्याला पोचली तवा तीन!

किशोरी : बाबा, मागच्या वेळी अडीच होतं.

दिनानाथ : तवापास्नं उतार वाढलाय.

प्रभाकर मास्तर : आमच्या जावयाच्या नव्या गाडीत कार्बोरेटरच नाही. इंजेक्शन आहे म्हणे. पेट्रोल कमी खाते, तरी घाटात तापत नाही. हे कसं काय?

किशोरी : सर, कार्बोरेटरचा हा स्क्रू एकदा लावला की सपाटीला तोच, चढाला तोच. फार कमी केलं तर घाटात वॉल्व्ह जळतात. नव्या गाडीत धुराच्या नळीत सेन्सर असतो. तो सारखा धूर हुंगतो, कॉम्प्युटरला कळवतो, आणि लागेल तेवढंच पेट्रोल सुटतं.

दिनानाथ : ऐकलंत? आमच्या बाई सोमवारपास्नं वाशीच्या सर्विस सेंटरला कामाला. तिथं हात काळे होत नाय म्हणं. मास्तर, तुमी समोर चहा घेऊन या. तोवर लावतो.

(मास्तर चहाच्या टपरीकडे जातात. इंजिन चालूच आहे.)

किशोरी : बाबा, हात का थांबला?

दिनानाथ : ऐकतोय.

किशोरी : नाही. मी तोंड फिरवलं म्हणून थांबला. परवाही असंच झालं. तुम्हाला इंजिन ऐकू येत नाही ना?

दिनानाथ : माणसांचं बोलणं येतंय. इंजिनाची बारीक फडफड नाय येत. दोन वर्षं झाली.

किशोरी : मग दोन वर्षं गाड्या लावल्यात कशा?

दिनानाथ : पेट्रोल कमी पडून इंजिन फडफडलं की तुझी डावी भुवई चढते. बरोबर बसलं की उतरते.

किशोरी : अहो, मला सांगायचं तरी!

दिनानाथ : मग भुवई खोटं बोलली असती.

किशोरी : मी नाही जात वाशीला.

दिनानाथ : जायचं. अख्ख्या कळंबोलीत सांगून झालंय. जन्मात माझी एक तरी गोष्ट खरी निघू दे.

किशोरी : आणि इथं काय करणार?

दिनानाथ : सगळ्यांना पेट्रोल जरा जास्तच ठेवीन. इंजिन तर जळणार नाय. लोकं म्हणतील, दिनानाथच्या हातची गाडी प्यायला लागली.

किशोरी : आणि यायचीच बंद झाली तर?

दिनानाथ : झाली तर झाली. दमलोय गं मी पण. तो तुझा सेन्सर… म्हंजे त्या गाड्यांत पोरगी कंपनीतूनच बसून येते. त्यांना सोमवारची भीती नाय.

किशोरी : बाबा…

दिनानाथ : मास्तरांचा चहा संपत आला. यांची तरी नीट लावू. तोंड इकडं कर.