टर्कीबाईंना जागा पसंत नाही

…आणि वर माझ्याकडंच मान वाकडी करून बघती, म्हणजे चूक माझीच! आता तुम्हीच सांगा, मी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, त्यातले दोन म्हशीला. आमची सिताबाई लग्नापासनं म्हणती, ह्यांना बोलतं करायला देव खाली यावा लागंल… देव कशाला? टर्की आली!

आमच्या लेकानं आणली, शिवशंकरानं. वस्ती आमची तामलवाडीच्या शिवारात, मागं परस मोकळं. एक नर, दोन माद्या घेऊन आला आणि म्हणतो, "आबा, पिल्लं काढतील, तुम्हाला तेवढाच विरंगुळा." विरंगुळा! एक मादी कोल्ह्यानं नेली. राहिली ही एक. तिनं अंडी दिली, पण कुठं? एक नांगराच्या आडाला, एक उकिरड्यावर, एक तर थेट सिताबाईच्या न्हाणीत! दोन मुंगसानं फोडली. उरलेली नऊ मी वाकून वाकून हुडकली आणि ज्वारीच्या टोपलीत जपून ठेवली.

मग बाई झाल्या खुडूक, उबवायची हुक्की आली. अंग फुगवून बसायचं, हात लावला की टोचायचं. पण जिथं अंडी ठेवावीत तिथनं उठून जायचं. शिवशंकर मोबाइलात बघून म्हणतो, "आबा, आठ-दहा दिवसांत अंडी तिच्याखाली गेली पाहिजेत, न्हायतर वाया. आडोसा पाहिजे, अंधार पाहिजे, मऊ पाहिजे, ऐसपैस पाहिजे." अहो, पोरीला स्थळ बघताना आम्ही एवढ्या अटी घातल्या नव्हत्या!

तरी केलं. कळकाची मोठी पाटी घेतली, भुसकट घातलं, कोपऱ्यात ठेवली. बाईंनी एका डोळ्यानं बघितलं, दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि गेल्या. मग पत्र्याचं पिंप आडवं केलं, गडगडू नये म्हणून दोन्ही अंगाला विटा लावल्या, आत पोतं अंथरलं. आत गेली, चोच आपटली, ठण्ण वाजलं, तशी पिसं झाडत बाहेर! मग गोठ्यात तट्ट्याचा आडोसा केला, वर लुगड्याचा पडदा सोडला. तिच्या आधी सिताबाईनं बघितला. "अवं, माझं लुगडं! मला कधी पडदा लावून दिलासा का बाळंतपणात?" मी टर्कीपुढं हात जोडले. म्हणलं, बाई, तुला पाहिजे तरी कसली जागा?

सहा दिवस गेले. नऊ अंडी टोपलीत. मी रोज हात फिरवून बघायचो. आत जीव असतोय.

तेवढ्यात येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्याकडं येळवशीला रानोरान कडब्याची कोप, खोपटंच म्हणा, उभी राहती. आत पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे, पुजायचे, आणि सगळ्यांनी मिळून शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताकातली अंबील हाणायची. आदल्या सांजेला मी परसालगतच्या रानात कोप बांधली, पांडव मांडले. सकाळी सिताबाई आरतीचं ताट घेऊन वाकली आणि किंचाळली, "अगं बया! देवावर बसली ही!"

मी बघतोय तर काय… बाई निवांत! खाली पाच पांढरे दगड, आजूबाजूला कडबा, मिणमिणता अंधार. एका अंगाला नुसता सहदेव उघडा पडला होता, तोबी चोचीनं आत ओढून घेतला!

"उठवा तिला!" सिताबाई म्हणती.

मी हात घातला. मनगट फोडलं.

तवर शेजारचे कल्याणप्पा जेवायला आलेले. हसून हसून माणूस बांधावर बसला. "राहू द्या हो आबा. एवढी वर्षं पांडव थंडीत कुडकुडतेत, तुम्ही कधी पांघरूण घातलं व्हय?"

शेवटाला पूजा झाली, बाई वर असतानाच. हळद-कुंकू पांडवांच्या नावानं तिच्या पाठीवर. निवदातली भज्जी तिनंच खाल्ली. मी पिंप दिलं, पाटी दिली, बायकोचं लुगडं दिलं, ते चाललं न्हाय. देवाचं आसन चाललं! बाई, तुला पाहिजे तरी कसली जागा?

दुपारी सगळे जेवून पांगले. मी टोपली घेऊन सरपटत आत शिरलो. धर्मराज काढला, अंडं सारलं. भीम काढला, अंडं सारलं… भीमाच्या वेळेला अंगठा गेला. पाच दगड बाहेर, नऊ अंडी आत. तिनं बूड हलवलं, डोळे मिटले. खरं सांगतो, माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं, अंगठ्यामुळं असंल.

पण थांबा! दुसऱ्या दिवशी कोप मोडून कडबा जनावरांना घालायचा असतोय. शिवशंकर आला विळा घेऊन. मी ओरडलो, "हात लावायचा न्हाय!" आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, म्हस दचकली. पिल्लं निघंपर्यंत अठ्ठावीस दिवस कोप हलायची न्हाय! आता म्हस येती आणि भिंतच खाती. ती खाती, मी पोती कोंबतो. रात्री कोल्ह्याच्या भ्यानं दाराला दगड लावतो.

आणि बाईंचं काय? बाईंना दिवसातनं एकदा दाणापाणी लागतंय, धुळीत लोळायला लागतंय. थंडी ही अशी. अंडी गार पडली की संपलं. मग तेवढा वेळ कोण बसणार? अंड्यांवर घोंगडं घालून, त्यावर दोन्ही तळहात ठेवून… मीच.

परवा व्याही आले परंड्याहनं. मला आतनं सगळं ऐकू येतंय. "विहीणबाई, आमचे व्याही कुठं दिसंनात?" आणि ही, चाळीस वर्षं संसार केलेली बाई, चहा गाळता गाळता म्हणती, "कोपीत हाईत. अंड्यावर बसलेत."

व्याह्यांनी खाकरून घेतलं. मग हळूच म्हणले, "बरं… उठतील कधी?"

"सात दिस हाईत अजून."

आता बाहेर येऊन सांगावं तरी कसं, की तसं न्हाय पाहुणं? टर्की अजून लोळतच होती. मला उठता कुठं येत होतं!