उद्दिष्टं साध्य झाली

मोठ्या बाई : ...आणि हे काय लिहिलंय? वाचा. जरा मोठ्यानं वाचा!

खेळाचे सर : वाचायचं काय बाई, मीच लिहिलंय. ‘शारीरिक शिक्षणाचं उद्दिष्ट पहिलं, सहनशक्ती वाढवणे. साध्य झालं. आठवीच्या मुलांनी खेळाच्या तासालाही गणित सहन केलं.’

मोठ्या बाई : मुख्याध्यापिकेची थट्टा करताय?

खेळाचे सर : थट्टा कसली? पुढचं बघा. ‘उद्दिष्ट दुसरं, चपळता. साध्य. घंटेचा आवाज विरायच्या आत गणिताचे सर वर्गात हजर.’ त्या माणसाला शर्यतीत उतरवा बाई, पदक घेऊन येईल.

मोठ्या बाई : अहो, बारा वाजता तपासणीला साहेब येतायत! ही वही त्यांच्यापुढे ठेवू मी? नवी घ्या आणि बसा लिहायला. वर्षभर कवायत झाली, लांब उडी झाली, कोण किती सेकंदात धावला ते...

खेळाचे सर : ते मला कसं कळणार? वर्षभर पोरं धावली ती फक्त मधल्या सुट्टीत, नळावर.

मोठ्या बाई : अंदाजे टाका. सगळेच टाकतात.

खेळाचे सर : टाकलं होतं ना मागच्या वर्षी, तुमच्याच सांगण्यावरून. सातवीतली ती कुबड्या घेऊन येणारी मुलगी आठवते? तिला मी शंभर मीटर सोळा सेकंदांत पळवली. कागदावर! प्रगतिपुस्तक घेऊन आली माझ्याकडे. म्हणाली, “सर, चुकून लिहिलंय तुम्ही. पण खोडू नका हं.” त्या दिवशी कानाला खडा लावला. आता लिहीन ते खरंच.

मोठ्या बाई : ...ते असू दे. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या खणात आहे, एवढं लक्षात ठेवा. त्यावर सही माझी लागते.

खेळाचे सर : सहीचंच काढलंत म्हणून सांगतो. जरा पानाच्या तळाशी बघा.

मोठ्या बाई : ही... ही माझी सही?

खेळाचे सर : ‘तपासले. समाधानकारक.’ दहा महिने, दहा सह्या, वर शाळेचा गोल शिक्का.

मोठ्या बाई : तुम्ही मुद्दाम घाईच्या वेळी वही पुढे करत होतात!

खेळाचे सर : तुमची घाई नसलेली वेळ कुठली ते सांगा, तेव्हा आणतो. कानाला फोन, हातात शिक्का, दणादण! सहाव्या महिन्याचं पान काढा. ‘उद्दिष्ट : शिस्त. कपाटातले बारा चेंडू तीन वर्षांत जागचे हललेले नाहीत.’ शेजारी तुम्ही काय शेरा दिलाय? ‘उत्तम!’

शिपाई मामा : बारा नाही, अकरा. एक उंदरानं खाल्ला. चहा ठेवू का बाई?

मोठ्या बाई : मामा! तुम्हीपण सामील आहात का यात?

शिपाई मामा : मी कशात नाही बाई. मी आपला कपाट पुसतो. बाहेरून.

मोठ्या बाई : सर, पालक माझ्या दारात येऊन टक्के मागतात. उड्या कुणी मागत नाही. मला काय हौस आहे?

खेळाचे सर : आणि मला हौस होती, गळ्यात शिट्टी अडकवून उत्तरपत्रिकांना दोरे बांधायची? तेरा वर्षांची पोरं, दोन जिने चढली की भिंत धरून उभी राहतात! माझी सत्तरीची आई त्यांच्यापुढे हरीण आहे हरीण! साहेबांना वही दाखवा नाहीतर चुलीत घाला. मी दुसरी लिहिणार नाही. नका करू मला कायम.

मोठ्या बाई : ओरडू नका. तास चालू आहेत.

खेळाचे सर : कुठला तास चालू आहे? तिसरा. आठवीला वेळापत्रकात कुणाचं नाव आहे?

मोठ्या बाई : तुमचं.

खेळाचे सर : आणि वर्गात कोण उभं आहे?

मोठ्या बाई : ...मामा, आठवीत जा. गणिताच्या सरांना म्हणावं, फळा पुसा. मुलांना खाली मैदानावर पाठवा. आणि ही घ्या कपाटाची किल्ली.

शिपाई मामा : ते अंगावर येतील माझ्या.

मोठ्या बाई : माझं नाव सांगा. साहेबांनाही मीच सांगेन काय ते.

खेळाचे सर : आणि वही?

मोठ्या बाई : आजचं पान कोरं आहे ना? तास झाला की भरा. या वेळी वाचून सही करीन.

(दहा मिनिटांनी, जिन्याखाली.)

खेळाचे सर : काय मामा, उतरली का पोरं?

शिपाई मामा : उतरली की. ओळीत उभी आहेत, गुपचूप.

खेळाचे सर : मग तुमचं तोंड का उतरलंय?

शिपाई मामा : सगळी दप्तरं घेऊन उतरलीत सर. कंपासपेटीसकट. विचारतायत, इथं बसायचं कुठं?