ट्रक चालवणारी लोर्ना

(ओहायो. डॉटीचं स्वयंपाकघर. मोठी बहीण लोर्ना नटूनथटून दारात उभी. धाकटी डॉटी एप्रन बांधून ओट्याशी.)

डॉटी : गिटारवर तीन कॉर्ड येतात त्यांना, तीन. तेच उलटेपालटे करून जन्मभर खाल्लं. याला बँड म्हणायचं?

लोर्ना : अख्खं ओहायो नाचलं त्यावर. तीस कॉर्ड येणाऱ्यांवर कोण नाचलं, सांग ना.

डॉटी : आणि तुझा तो वेस नाकात गातो. सर्दी झालेल्या बोकडासारखा.

लोर्ना : म्हणूनच रेडिओ लावल्या लावल्या कळतं, हे ‘टिन रूस्टर्स’. बाकीचे सगळे एकाच गळ्याचे वाटतात.

डॉटी : ड्रमवाला तर गाणं संपायच्या आत दोन ओळी पुढे गेलेला असतो. घरी जायची घाई मेल्याला.

लोर्ना : ती घाईच हवी असते गं. रॉक अँड रोल आहे, चर्चमधली प्रार्थना नव्हे. बरं, चल, गाडी काढ. जत्रेत त्यांचं सातला सुरू होतं.

डॉटी : यंदा मी नेणार नाही.

लोर्ना : का? दरवर्षी तूच नेतेस की.

डॉटी : नेते, आणि पार्किंगमध्ये कणीस चावत बसते. तिकडे वेस तुला स्टेजवर बोलावतो, ‘हीच ती गाण्यातली लोर्ना’ म्हणतो, आणि म्हातारे शिट्ट्या मारतात. जळते मी. सरळ सांगते. अर्ल गेल्यापासून तर जास्तच.

लोर्ना : गाण्यात नाव माझं आहे, डॉटी.

डॉटी : नाव तुझं. पण गाण्यातली लोर्ना बापाचा हिरवा ट्रक पळवते. तुला गाडी चालवता येते?

लोर्ना : नाही.

डॉटी : तिच्या कोपरापर्यंत साखर लागलेली असते. डोनटच्या दुकानात कोण राबायचं? तू तर टेलिफोन कंपनीत जायचीस, पांढरे हातमोजे घालून.

लोर्ना : तुझं अर्लशी लग्न ठरलं होतं. वेसने तुझं नाव घेतलं असतं, तर अर्लने त्याची गिटार त्याच्याच डोक्यात घातली असती. म्हणून माझं घेतलं.

डॉटी : म्हणजे तुला माहीत होतं?

लोर्ना : पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. मला आवडायचा गं तो. माझ्याकडे बघून गायचा आणि त्या गाण्यात मला तू दिसायचीस. तू पार्किंगमध्ये जळत होतीस, मी दिव्यांखाली.

डॉटी : मग कशाला चढायचीस वर?

लोर्ना : तेवढंच माझ्या वाट्याला आलं होतं. सोडवत नव्हतं.

डॉटी : मला एकदा तरी सांगायचंस.

लोर्ना : सांगून ते गाणं तुला देऊन टाकायचं? एवढी चांगली नाही मी. आजही मन तयार नाही. पण तू नेलं नाहीस तर मी इथेच बसणार, आणि तू तर इथेच बसलेली आहेस. दोघींनाही मिळणार नाही. तो एप्रन काढ. लोर्ना म्हणून हाक आली की तू चढ.

डॉटी : वेडी आहेस का? वर जाऊन करायचं काय मी?

लोर्ना : काही नाही. गाणं आपलंच आहे, असा चेहरा करून उभं राहायचं. तुला सोपं जाईल.