तिसरा सामना कोण जिंकणार

१९९४ साली तंजावूरहून पापनाशमला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको आपल्या तंजावुरी मराठीत बोलत होते. त्यांची मुलगी अखिला कॉलेजच्या हॉकी संघाची गोलकीपर होती आणि पापनाशमला तिचा सामना बघायला दोघं निघाले होते.

“एक सामना कोविलपट्टीनं जिंकला, एक आपण. आजचा तिसरा आपलाच, अंबा.”

“अय्यो, त्या पोरी काय पळतात! आपण हरणार. तीन-एक.”

“म्हणजे अखिला तीन गोल खाणार?”

“खाऊ दे की. जिंकल्या तर संध्याकाळच्या गाडीनं सगळ्या मद्रासच्या शिबिराला जाणार, महिनाभर. रविवारी कुंभकोणमची माणसं मुलगी बघायला आली, तर कुणाला दाखवू? तुम्हाला?”

“मला कोण पसंत करणार?”

“हसू नका हो. चांगलं स्थळ आहे.”

“पण पोर चार वर्षं पहाटे उठून मैदानावर जाते आहे.”

“मला सांगता? तिला उठवतं कोण?”

“मग खरं सांग, हरणार?”

“हरणार म्हणजे हरणारच.”

कंडक्टर आला आणि वाटेतली पत्र्याची पेटी कुणाची, म्हणून तमिळमध्ये ओरडला.

“आमचीच, आमचीच. अहो, पाय घ्या, इकडे ओढते.”

“अगं, ही तर अखिलाची पेटी! कधी चढवलीस?”

“तुम्ही तिकिटं काढत होता तेव्हा. सामना संपल्यावर गाडीला तासच उरतो. कपडे घ्यायला घरी कधी येणार ती?”

“आणि कुंभकोणमची माणसं?”

“पुढच्या महिन्यात या, असं मी त्यांना कालच कळवलं.”