वस्तादाला दिलेला शब्द

क्षयाच्या दवाखान्यातून आलेले नवरा-बायको मोटारतळावर माझ्या शेजारी टेकले.

"ऐकलंसा न्हवं? माजं दुखणं गेलं. आता जवळ निजायला हरकत न्हाय, म्हनला डाक्टर."

"ऐकलं की."

"मग आजपासनं तालमीत निजू नगा. घरला या."

"लंगोट राखायचा शब्द दिलाय गं वस्तादाला."

"वस्ताद जाऊन वरीस झालं की, अवं!"

"व्हय, झालं खरं."

"आन् एकबी मैदान खेळला न्हाईसा. मी आपली शेजारणीला तोऱ्यानं सांगायची, धनी कुस्तीपायी लांब ऱ्हात्यात म्हनून."

"भ्या वाटायचं विठा. तुज्या खोकल्याचं."

"आन् आता?"

"आता तुज्याकडं बघायची लाज वाटती."

"नगा बघू. दिवा मी मालवीन."